रेसिप्रो सॉ घेतला आहे, वाळवी लागलेली चौकट काढायची आहे. सुरुवात कशी करू?

पडवीतला

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीला असतो, घर संगमेश्वर तालुक्यात. चिऱ्याचं कौलारू घर, मागची पडवी आणि न्हाणीघर नंतर वाढवलेलं. गणपतीच्या आधी डागडुजी उरकायची म्हणून १८ व्होल्टचा बॅटरीवरचा रेसिप्रोकेटिंग सॉ (ब्लेड पुढे-मागे चालणारी यंत्रकरवत) मागवला. सोबत दोन ब्लेडं आली, एक लाकडाचं आणि एक लोखंडाचं.

कामं अशी. न्हाणीघराच्या दाराची चौकट वाळवीने आतून पोकळ झाली आहे, बोट दाबलं तर आत जातं. ती काढून सिमेंटची बसवायची आहे. चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी वीतभर अंतरावर गीझरचा बोर्ड आहे. विहिरीवरच्या पंपापासून टाकीपर्यंतची एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची) लाइन गंजली आहे, तिचे तुकडे करून काढायची. फणसाची एक फांदी कौलांवर आली आहे. आणि पडवीवरचे सिमेंटचे पत्रे पुढून हातभर कापायचे आहेत, म्हणजे नवी पन्हळ नीट बसेल.

सुतार आहे गावात, पण श्रावण लागला की तो फोन उचलत नाही. मला हॅक्सॉ आणि ड्रिल वापरायची सवय आहे, हे यंत्र मात्र नवीन. आईने एकदा चालू करून दाखवायला सांगितलं, आवाज ऐकला आणि म्हणाली, परत कर. व्हिडिओत लोक एका हाताने धरून खिडक्याच्या खिडक्या कापतात. खरंच तेवढं सोपं आहे का? धोका नेमका कुठे असतो ते कोणी सांगेल का?

रिकामटेकडा

चार इंची ग्राइंडर घ्यायचा होतास. लोखंडाची चकती लावली की लोखंड, लाकडाची लावली की लाकूड. दीड-दोन हजारात काम झालं असतं.

जुना फिटर

पडवीतला, मशीन परत करू नकोस. आणि रिकामटेकडा यांचं लाकडाबद्दलचं अजिबात ऐकू नकोस. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. त्याला दात्यांची लाकडी चकती लावून चौकट कापायला गेलं आणि दाता गाठीत अडकला, की ग्राइंडर हातातून सुटून सरळ मांडीवर नाहीतर तोंडावर येतो. शिवाय वाळवीने खाल्लेलं कोरडं लाकूड आणि होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) कापताना उडणाऱ्या ठिणग्या, हे दोन्ही एका दारात नको. चौकटीच्या कामाला तू घेतलंस तेच मशीन बरोबर आहे. आईला माझा नमस्कार सांग आणि हेही सांग.

मी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मेंटेनन्सला आयुष्य काढलं, आता निगडीत बसून सोसायटीतल्यांची दारं-खिडक्या सरळ करतो. या मशीनबद्दल मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे, बाकीचं त्यामागून येतं. ब्लेडच्या मुळाशी जी वाकवलेली लोखंडी पट्टी आहे ना, तो शू. व्हिडिओत सगळे ब्लेडकडे बघतात. तू शूकडे बघायचं.

का ते सांगतो. ब्लेड हातात घेऊन दात्यांचा कल बघ. दाते मशीनकडे तोंड करून आहेत. हॅक्सॉ पुढे ढकलताना कापतो, हे मागे ओढताना कापतं. म्हणजे प्रत्येक झटक्याला ब्लेड लाकडाला स्वतःकडे खेचतं. शू लाकडाला घट्ट टेकलेला असला की ती ओढ शूवर येऊन मिटते, हाताला नुसती थरथर लागते. शू आणि लाकूड यांच्यात बोटभर फट राहिली, तर मशीनच लाकडाकडे धावतं आणि पुढच्या झटक्याला परत मागे येतं. पूर्ण वेगात असे मिनिटाला तीन हजारांपर्यंत झटके असतात. लोक म्हणतात मशीन हातात नाचतं. शू न टेकवता दुसरं काय होणार? म्हणून क्रम असा ठेव: आधी शू लाकडावर दाबायचा, ब्लेड लाकडाला लागायच्या आत ट्रिगर हळू दाबायचा, ब्लेड चालू झालं की कापात उतरवायचं. आणि काप पुरा होताना जोर कमी करायचा, कारण शेवटचा धागा सुटला की मशीन खाली झेपावतं. त्या वेळी खाली तुझा गुडघा असता कामा नये.

एका हाताने कापणं विसर. मागचा हात ट्रिगरवर, पुढचा हात रबर चढवलेल्या नाकावर. एकहाती म्हणून विकतात ती मशीनं लहान आणि हलकी असतात, तुझं तसलं नाही.

दुसरं, ब्लेडचं टोक. ते पूर्ण मागे आलेलं असतानाही लाकडाच्या पलीकडे थोडं बाहेर राहिलं पाहिजे. टोक आत शिरून पुन्हा पुढे जाताना आतल्या आत आपटलं, की मशीन धाडकन मागे येतं आणि ब्लेड वाकतं. तुझी चौकट चार इंच रुंद असेल तर शंभर मिलिमीटर ती, वर स्ट्रोकचे, म्हणजे ब्लेडच्या मागे-पुढे चालीचे, तीसेक. सोबत आलेलं ब्लेड दीडशेचं असणार, ते इथे अगदी काठावर पास होतं. २२५ चं घे. खिळे सापडण्याची शक्यता असलेल्या लाकडाला इंचाला दहा-बारा दात्यांचं बायमेटल घ्यायचं. साधं सहा दात्यांचं लाकूड भराभर कापतं, पण खिळा लागला की दाते सोलून निघतात. बायमेटल म्हणजे पाठ लवचीक पोलादाची आणि दात्यांची कड हायस्पीड स्टीलची, दोन्ही जोडलेलं. ते वाकतं, सहसा तुटून उडत नाही.

आता चौकट. हात लावण्याआधी वर बघ. दारावर काँक्रीटचा लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, आहे का? न्हाणीघर नंतर बांधलेलं म्हणतोस म्हणजे बहुधा असेल, पण प्लास्टर थोडं टोकरून खात्री कर. जुन्या चिऱ्याच्या बांधकामात वरचे चिरे कधीकधी चौकटीच्या आडव्या लाकडावरच बसवलेले असतात. तसं असेल तर मशीन पेटीत ठेव आणि टेकू लावणारा गवंडी बोलाव. आडव्याच्या आणि प्लास्टरच्या मध्ये भेग दिसत असली, किंवा दार बंद करताना वरून घासत असलं, तर हा संशय जास्तच धर.

लिंटल असला तर काम सोपं. दार बिजागरीतून उतरव. उभ्या लाकडाला मध्यावर, भुईपासून तीनेक फुटांवर, आडवा पण थोडा तिरका काप घ्यायचा. ब्लेड चौकटीच्या रुंदीतून आरपार जाऊ दे आणि दाराच्या मोकळ्या बाजूकडून भिंतीकडे सरक. भिंतीला लागायच्या आधी, बोटभर लाकूड राहिलं की थांब. चिऱ्यावर ब्लेड घासलं की दाते गेले. राहिलेलं बोटभर पहारीने मोडतं, वाळवीचं लाकूड आहे, हसत मोडेल. मग दोन्ही तुकडे पहारीने आत ओढ. होल्डफास्टच्या पट्ट्या दिसायला लागतील, दर बाजूला बहुधा तीन. लोखंडी ब्लेड लाव, स्ट्रोकचा ऑर्बिटल खटका (ब्लेडला मागे-पुढेबरोबर थोडं वर-खालीही फिरवणारा) असेल तर बंद कर, वेग निम्म्याच्या खाली आण आणि चौकट व भिंत यांच्या फटीतून पट्टी काप. लोखंडात जोर लावून वेग वाढत नाही, फक्त ब्लेड निळं पडतं.

आरपार म्हणालो, तर एक गोष्ट लक्षात आली का? ब्लेडचं टोक दुसऱ्या बाजूला, न्हाणीघरात, बाहेर येतंय. त्या बाजूला कोणी असता कामा नये. घरात "झालं का रे?" म्हणून डोकावणारं एक माणूस असतंच. दोन्ही बाजूंनी वाट अडवून ठेव.

हातमोजे घालायचे का, हे विचारलं नाहीस पण विचारशील. लेथवर किंवा ड्रिलला हातमोजे घातले की आमचा सुपरवायझर अंगावर यायचा, कारण फिरणारी वस्तू कापड गुंडाळते आणि हात आत नेते. इथे काही फिरत नाही, म्हणून चामड्याचे अंगासरशी मोजे घाल. कापलेल्या पट्टीची कड वस्तऱ्याची असते आणि लोखंड कापून झालं की ब्लेड चांगलंच भाजतं. डोळ्याला बाजूने बंद असणारा गॉगल, नेहमीचा चष्मा चालत नाही. कानात बोळे. पायात बूट, गावी गेलं की स्लिपर घालायची जी सवय लागते ती त्या दिवशी बाजूला. ब्लेड बदलताना बॅटरी काढून खिशात. ट्रिगरचं लॉक लावलं म्हणून भागतं असं समजू नकोस, बॅटरी बाहेर म्हणजे बाहेर.

पाइपचं नंतर लिहितो, जेवायला बोलावतायत. सिमेंटच्या पत्र्याला मात्र मी येईपर्यंत हात लावू नकोस.

वायरमन, सोलापूर

काकांनी मशीनचं सांगितलं, मी बोर्डाचं सांगतो. बॅटरीचं मशीन आहे म्हणून शॉक बसणार नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. भिंतीतली चालू वायर कापली तर करंट ब्लेडमधून मशीनच्या लोखंडी नाकापर्यंत येतो, बॅटरीचा त्यात संबंधच नाही. मशीन धरायचं ते प्लास्टिक-रबराच्या भागालाच, शूला हात लावायचा नाही.

गीझरचा एमसीबी पाडून समाधान मानू नका. मेन बंद करा, दोन्ही पोल तोडणारा. जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे केलेले मी इतके बघितलेत की एका पोलच्या स्विचवर माझा विश्वास नाही. आणि घरात इन्व्हर्टर आहे का? कोकणात बहुतेक घरांत असतो. मेन बंद केल्यावर लाइट गेली असं समजून इन्व्हर्टर चालू होतो आणि घरातल्या निम्म्या वायरी जिवंतच राहतात. इन्व्हर्टरचा स्विचही बंद करा, त्याची आउटपुटची पिन काढा. मग बोर्ड उघडून टेस्टरने बघा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पेटतो ना ते बघून घ्या, मगच बंद पॉइंटवर लावा.

वायर बोर्डातून वर जाते की आडवी जाते ते बोर्ड उघडल्यावर पाइपच्या तोंडावरून कळतं. चौकटीच्या बाजूने जात असेल तर त्या बाजूचे होल्डफास्ट सॉने कापूच नका, छिन्नीने मोकळे करा. वेळ जाईल, जाऊ दे.

अजून एक. विहिरीपासूनच्या जीआय लाइनला कुठे क्लॅम्प मारून हिरवी किंवा उघडी तांब्याची तार जोडलेली आहे का बघा. जुन्या घरांत पाण्याच्या पाइपलाच अर्थिंग जोडून मोकळे झालेले असतात. ती लाइन कापली की घराचं अर्थिंग गेलं, आणि दिवे-पंखे चालूच राहतात म्हणून कोणाला कळतही नाही. आधी वेगळा अर्थिंगचा खड्डा करून घ्या. मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच खर्चात बसवून टाका, गीझर आहे म्हणजे हवीच.

जुना फिटर

वायरमनसाहेबांचा इन्व्हर्टरचा मुद्दा लाखाचा. पाइपच्या अर्थिंगचा तर मी विसरलोच होतो.

आता पाइप. पंपाची पिन काढून टाक, नुसता स्टार्टर बंद ठेवू नकोस, कारण घरातलं कोणीतरी टाकी भरायला म्हणून बटण दाबणारच. आणि पाइपच्या अंगाअंगाने बांधत नेलेली पंपाची केबल आहे का बघ. वर्षानुवर्षं शेवाळ चढलं की ती केबल पाइपच्याच रंगाची होते. बांधलेल्या पट्ट्या सोडव आणि केबल हातभर लांब कर.

एक इंची जीआयची भिंत तीन मिलिमीटरच्या आसपास, गंजून कमीच झाली असेल. पातळ लोखंडाचा नियम असा की एका वेळी किमान तीन दाते धातूवर असावेत, नाहीतर कड दोन दात्यांच्या मध्ये पडते आणि दाता उडतो. इंचाला १८ दाते म्हणजे दोन दात्यांत जवळपास दीड मिलिमीटर, २४ म्हणजे एकाच्या थोडं वर. तुझ्या पाइपला २४ घे. वेळ थोडा जास्त लागेल, ब्लेड मात्र टिकेल. गोल पाइपवर सुरुवातीला ब्लेड घसरतं, म्हणून तीनधारी कानशीने आधी खाच पाड, चार घासे पुरतात. शू पाइपला टेकव. कापावर खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकलेस तरी चालेल, कटिंग ऑइल शोधत देवरुखला जायला नको.

मोकळा लोंबणारा पाइप कापू नकोस. ब्लेड पुढे-मागे होतं तसा पाइपही त्याच्याबरोबर पुढे-मागे होतो, मग कापलं काहीच जात नाही आणि पलीकडच्या जोडातून चूळ मारल्यासारखं गंजलेलं पाणी येतं. भिंतीच्या क्लॅम्पपासून वीतभर अंतरात काप घे. दोन टोकांना टेकू असलेला पाइप मधोमध कापलास तर तो खाली बसतो आणि ब्लेड चिमटीत धरतो. तसं झालं तर ट्रिगर सोड, बॅटरी काढ, पाइप उचलून ब्लेड मोकळं कर. चालू मशीन हिसडायचं नाही.

आता पत्रे. पडवी किती जुनी आहे माहीत नाही, पण सिमेंटचा जुना पत्रा म्हणजे त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं. आपल्याकडच्या पत्र्यांत पांढरं ॲस्बेस्टॉस, क्रायसोटाइल, घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. पत्रा नुसता पडून असेल तर त्रास कमी. त्याला पॉवर सॉ किंवा ग्राइंडर लावला की धागे धुळीबरोबर उडतात, डोळ्याला दिसतही नाहीत, आणि फुप्फुसात गेलेले बाहेर येत नाहीत. आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो, म्हणून "आमच्या अण्णांनी कापले, काही झालं नाही" याला अर्थ नसतो. रुमाल बांधून हे भागत नाही. त्यामुळे हे काम या मशीनचं नाही आणि तुझंही नाही. पन्हळीचा ब्रॅकेट लांब करून घे, लोहार पन्नास रुपयांत पट्टी वाकवून देईल. किंवा पत्रे बदलायचेच असतील तर भिजवून, जे-हूक सोडवून, अख्खेच्या अख्खे खाली उतरवणारा माणूस बघ. तुकडे करायचे नाहीत, झाडूने कोरडं झाडायचं नाही. आणि त्या पत्र्यावर उभं राहायचं नाही, जुना पत्रा पाय ठेवला की फुटतो. एवढं लिहायला मला एरवी आवडत नाही, पण पावसाळ्याआधी दरवर्षी कोणीतरी पत्र्यातून खाली आल्याची बातमी असतेच.

सुपारीची वाडी

श्रीवर्धनकडची आहे. फांदीबद्दल मी लिहिते, कारण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या अंगावरून गेलं आणि पुढचे कित्येक महिने वाड्यांतून करवतीचे आवाज येत होते. पाहुण्यांनी मुंबईहून असंच मशीन आणून दिलं होतं, चेन सॉ चालवायला घाबरणाऱ्यांना ते बरं पडलं.

भाऊ, तुमची फांदी कौलांवर टेकली आहे की वर अधांतरी आहे? हे आधी बघा. अधांतरी फांदीला वरून काप घेतला की अर्ध्यात ती वजनाने मोडते, साल खोडापर्यंत सोलत नेते आणि ब्लेड दाबून धरते. म्हणून आधी खालून, फांदीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत काप. मग त्याच्यापुढे, शेंड्याच्या बाजूला, चार बोटं सोडून वरून काप. फांदी स्वच्छ सुटते. राहिलेला खुंट शेवटी, खोडाला लागून पण खोडाच्या गळ्याला, म्हणजे फांदी फुटते तिथल्या फुगवट्याला, न दुखावता. टेकलेली फांदी उलट वागते. ती मधोमध दबलेली असते, वरून काप घेतला की चिमटते. तिला वरून थोडं कापून मग खालून यायचं.

वादळात आडव्या पडलेल्या, एकावर एक रेललेल्या झाडांमध्ये तर धनुष्यासारखा ताण असतो. एक फांदी कापली की दुसरी सपकन उसळते. तुमच्याकडे तसं नाही, पण पुढेमागे वाचणाऱ्यांसाठी सांगते: तसल्या ढिगाला हे मशीन घेऊन एकट्याने जाऊ नये.

शिडीवर चढून दोन्ही हातांनी मशीन धरायचं म्हणजे शिडी कोणत्या हाताने धरणार? आम्ही झाडावर चढणारा गडी बोलावला, तो कमरेला दोर बांधून हातकरवतीने कापायचा, फांदी दोराने खाली सोडायचा आणि आम्ही खाली भुईवर मशीनने तुकडे करायचो. कौलं वाचतात. ती आता नग म्हणून मिळत नाहीत, ट्रकभर घ्या म्हणतात.

फणसाचा चीक ब्लेडला असा चिकटतो की दात्यांत भुसा भरून ब्लेड नुसतं घासत राहतं. हाताला जसं खोबरेल लावून फणस सोलतो तसं ब्लेडलाही पुसटसं लावा, अधूनमधून बॅटरी काढून रॉकेलच्या फडक्याने पुसा, आणि फडकं उन्हात लांब टाका. ओल्या लाकडाला मोठ्या दात्यांचं, इंचाला पाचेक दाते असलेलं झाडाचं ब्लेड मिळतं, तेच घ्या. आणि फांदीचं ठीक आहे, पण अख्खा फणस तोडायचा विचार असेल तर आधी वनखात्याची परवानगी. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यातल्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे हे मशीन घरोघरी असतं, आणि लोक त्याला सरसकट सॉझॉल म्हणतात. ते खरं तर मिलवॉकी कंपनीचं १९५१ पासूनचं नाव, पण झेरॉक्सचं झालं तेच याचं.

काकांच्या यादीत एक भर घालतो, राग नसावा. चौकटीला जुना ऑइल पेंट आहे का? आमच्याकडे १९७८ च्या आधीचं घर असलं की रंगात शिसं असणार असं धरूनच काम करावं लागतं, त्या वर्षी घरगुती रंगात शिसं बंद झालं. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग शिसं) मर्यादा नियमाने आली ती २०१६ च्या नियमांनी, लागू झाली २०१७ च्या नोव्हेंबरपासून. म्हणजे तुमच्या चौकटीवरच्या थरांत शिसं असू शकतं. लहान मुलं असतील तर कापायच्या दिवशी त्यांना शेजारी पाठवा, खाली जाड प्लास्टिक अंथरा, कापायच्या रेषेवर पाणी शिंपडून रंग ओला ठेवा (वीज बंद आहे याची खात्री झाल्यावरच), चांगला बसणारा एन९५ लावा आणि भुसा ओल्या फडक्याने टिपा. ते लाकूड चुलीत घालू नका. गावी जुनी चौकट न्हाणीच्या चुलीतच जाते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

रिकामटेकडा

एवढं सगळं वाचून मला तर सुतारालाच दुप्पट पैसे द्यावेसे वाटायला लागले.

जुना फिटर

द्या की. पण सुतारही इन्व्हर्टर बंद करणार नाही, ते तुम्हालाच करावं लागेल.

एडिसनकर, राग कसला, रंगाचा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता. आमच्या काळी शिसं हातानेच ओतायचे आणि त्याच हाताने डबा खायचे.

पडवीतला

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या शनिवार-रविवारी चौकट निघाली. लिंटल काँक्रीटचा आहे. इन्व्हर्टरचं वाचून मेन बंद केल्यावर टेस्टर लावला, गीझर मेला होता पण त्याच बोर्डातला न्हाणीघराचा दिवा जिवंत होता. अंगावर काटा आला. इन्व्हर्टरची पिन काढल्यावर तोही गेला. वायर चौकटीच्या अंगानेच वर गेलेली निघाली, त्या बाजूचे होल्डफास्ट छिन्नीने काढले. आई दोन्ही दिवस अंगणात खुर्ची टाकून बसली होती, पण "झालं का रे?" काही थांबलं नाही.

पाइपला खरंच अर्थिंग जोडलेलं आहे, म्हणून ते काम वायरमन येईपर्यंत थांबवलं. फांदीला गडी सांगितला आहे. पत्रे तसेच, लोहाराला ब्रॅकेट सांगितले.

काका, दोन शंका. होल्डफास्ट कापताना लोखंडाचं ब्लेड टोकाकडे थोडं वाकलं. सरळ करून वापरू का? आणि लाकडाच्या ब्लेडचे मुळाकडचे दाते बोथट झालेत, पुढचे नवे आहेत. टाकून द्यायचं का?

जुना फिटर

वाकलेलं बायमेटल ब्लेड मशीनमधून काढून, सपाट लोखंडावर ठेवून, हातोडीने हलकं ठोकून सरळ होतं. आधी उजेडात धरून मुळाशी, जिथे ते चकमध्ये बसतं तिथे, केसाएवढी चीर दिसते का बघ. चीर असेल तर भंगारात. दोनदा वाकलेलं ब्लेड मी तरी वापरत नाही, ते कापात सरळ जात नाही.

लाकडाचं टाकू नकोस. काप नेहमी शूजवळच होतो, म्हणून मुळाकडचे दाते आधी जातात. तुझ्या मशीनचा शू पुढे-मागे होणारा असेल तर त्याचा खटका काढून शू दोन सेंटिमीटर पुढे घे, कोरे दाते कामाला येतील. फक्त तेवढीच ब्लेडची लांबी कमी झाली हे धरून टोकाचा हिशोब पुन्हा कर, चार इंची चौकटीला मग दीडशेचं चालणार नाही.

पूर्ण गेलेलं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत नुसतं टाकू नकोस. दात्यांवर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे दे आणि भंगारवाल्याच्या डब्यात ठेव. पाइपचं काम निघालं की ब्लेड २४ दात्यांचंच आहे ना ते पुन्हा बघून घे, दुकानदार लोखंडाचं मागितलं की बिनधास्त १४ चं हातात देतात.